मनगटावरचा मुका जीव

आभासी पाळीव प्राणी म्हणजे पडद्यावरचा असा जीव, ज्याची भूक, झोप, वाढ आणि आजारपण एका संगणकीय आज्ञावलीने ठरवलेले असते आणि ज्याची निगा राखण्याची जबाबदारी मालकावर सोपवलेली असते. हाच जीव मनगटी पट्ट्यात किंवा कमरेला अडकवायच्या छोट्या यंत्रात घालून त्याचे खाणेपिणे मालकाच्या पावलांशी जोडले, की व्यायामाला प्रवृत्त करणारे एक वेगळेच साधन तयार होते. मालक चालला तर प्राणी खातो, खेळतो, मोठा होतो. मालक बसून राहिला तर प्राणी मलूल होतो किंवा रुसतो. पाऊलमापकाने नुसता आकडा दाखवला तर तो वाचून विसरता येतो, पण उपाशी जिवाकडे काणाडोळा करणे माणसाला जड जाते, या एका मानवी स्वभावावर या साधनाची सारी मदार आहे. लहान मुलांसाठी बनलेली ही कल्पना आता मोठ्यांच्या व्यायामापर्यंत पोहोचली असून ती कितपत आणि किती काळ उपयोगी पडते, याचा विचार धाराशिवसारख्या जिल्ह्यातून केला, तर महानगरातून न दिसणाऱ्या काही गोष्टी स्पष्ट होतात.

अपुऱ्या हालचालीचा प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२२ साली भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती, आणि त्यातही पुरुषांचे प्रमाण ४२ टक्के असताना स्त्रियांचे ५७ टक्के होते. अपुरी म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोमदार श्रमापेक्षा कमी. आणि मध्यम श्रम म्हणजे असे श्रम की जे करताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी हीच संघटना रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते.

आठ तालुक्यांच्या, मुख्यतः कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात निम्म्या प्रौढांचा हा आकडा सरसकट लावता येत नाही, कारण येथे एकाच घरात दोन टोके नांदतात. सोयाबीनच्या खुरपणीला दिवसभर उकिडवी बसणारी आई आणि त्याच दिवशी दुकानाच्या गल्ल्यावर, कार्यालयात किंवा अभ्यासिकेत बसून राहणारा तिचा मुलगा या दोघांच्या शरीराच्या गरजा अगदी विरुद्ध आहेत. तिला विश्रांती हवी आहे आणि त्याला हालचाल. जिल्ह्याच्या शहरी भागांत नोकरी, दुकानदारी आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास यांमुळे बैठे जीवन वाढले असून व्यायामासाठी प्रवृत्त करणाऱ्या यंत्राचा ग्राहक असलाच तर तो या दुसऱ्या टोकाला आहे.

अभ्यासिकेतल्या तरुणांमध्येही एक गट पहाटे नियमाने धावताना दिसतो, तो पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचा. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावणे, त्याच्या जोडीला १०० मीटर धाव व गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी चाचणी समोर असल्याने थंडी असो वा कंटाळा, ही मुले मैदान चुकवत नाहीत. मानसशास्त्रात याला बाह्य प्रेरणा म्हणतात, म्हणजे कृतीच्या बाहेर असलेल्या बक्षिसासाठी केलेली कृती. आणि तिची मर्यादाही येथे उघड दिसते, कारण भरती झाली किंवा वयोमर्यादा उलटली की धावण्याचे कारणच संपते. आभासी प्राणी ही याच बाह्य प्रेरणेची एक धूर्त आवृत्ती आहे. तिच्यात बक्षीस नोकरीचे नसते, कुणाची तरी काळजी घेतल्याच्या समाधानाचे असते.

या साधनाची दोन मुळे जपानमध्ये आहेत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तेथे व्यायामाविषयी उत्साह असताना यामासा या कंपनीने १९६५ मध्ये ‘मानपो-केई’ म्हणजे दहा हजार पावलांचे मापक बाजारात आणले, आणि आज जगभर मंत्रासारखा उच्चारला जाणारा दहा हजारांचा आकडा तेथून आला. तो वैद्यकीय संशोधनातून निघालेला नव्हता, एका विक्रीयोग्य उपकरणाच्या नावातून आला होता. नंतरच्या संशोधनाने हे लक्ष्य बरेच खाली आणले आहे. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांवर झालेल्या २०१९ च्या एका अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी आढळले आणि ७,५०० च्या पुढे वाढीव फायदा जवळपास थांबला. चार हजारांवर अडकलेल्या ज्येष्ठ नागरिकाला दहा हजारांचे लक्ष्य दाखवून खिन्न करणारी यंत्रे त्यामुळे मुळातच चुकीच्या पायावर उभी आहेत.

दुसरे मूळ ‘तामागोची’ या खेळण्याचे. बंडाई कंपनीने नोव्हेंबर १९९६ मध्ये विक्रीस आणलेल्या या अंड्याच्या आकाराच्या, तीन बटणांच्या खेळण्यात एक जीव जन्माला येत असे; त्याला वेळेवर भरवावे, स्वच्छ करावे आणि झोपवावे लागे, आणि दुर्लक्ष झाले तर तो मरत असे. वर्गात पाठ चालू असताना प्राणी भुकेने टीवटीव करू लागल्याने अनेक देशांतील शाळांनी या खेळण्यावर बंदी घातली. या दोन मुळांचा संगम १९९८ मध्ये निन्टेन्डोच्या ‘पॉकेट पिकाचू’ या यंत्रात झाला, ज्याच्या पोटात पाऊलमापक बसवलेला होता: मुलाने वीस पावले टाकली की एक ‘वॅट’ जमा होई आणि ते वॅट भेट दिले की पिकाचू खूश होई. पुढे २००९ मध्ये त्याच कंपनीने ‘पोकेवॉकर’ हे कमरेला लावायचे यंत्र काढले, २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ने लाखो लोकांना फोन हातात धरून रस्त्यावर उतरवले, आणि २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत सात वर्षांपुढील मुलांसाठी आणलेल्या फिटबिट घड्याळात ‘ईजी’ नावाचा एक प्राणी घातला, जो मूल जितके हलेल तितका आनंदी होतो. त्या घड्याळाची किंमत २३० डॉलरच्या घरात होती, म्हणजे धाराशिवच्या बाजारात मिळणाऱ्या साध्या मनगटी पट्ट्याच्या कित्येक पट. तत्त्व मात्र पिकाचूच्या वीस पावलांपेक्षा फारसे पुढे गेलेले नाही.

या साधनांचा खरोखर परिणाम होतो का, याचे उत्तर शोधण्याचा एक लक्षणीय प्रयत्न २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिश अँड स्टेप्स’ या प्रयोगात झाला, आणि तो तपशिलाने पाहण्याजोगा आहे. एका कार्यालयातील १९ जणांना पाऊलमापक देऊन प्रत्येकाच्या नावे पडद्यावरच्या काचपेटीत एकेक मासा सोडण्यात आला. मालकाची पावले वाढली की मासा मोठा होई व हसे, पावले घटली की तो रागावे किंवा रडे. काही सहभागींची पेटी सामाईक होती आणि त्या गटाची एकूण हालचाल कमी पडली तर पेटीतले पाणी गढूळ होई, म्हणजे एकाच्या आळसाची शिक्षा सर्वांच्या माशांना भोगावी लागे. हा पडदा कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी होता. चौदा आठवडे चाललेल्या या प्रयोगात १९ पैकी १४ जणांच्या पावलांच्या संख्येत, व्यायामाकडे पाहण्याच्या दृष्टीत किंवा दोन्हींत चांगला बदल आढळला. पहिल्या काही आठवड्यांनंतर माशातला रस ओसरला, परंतु तोवर अनेकांनी जिना चढणे किंवा गाडी दूर लावणे अशा सवयी अंगी लावून घेतल्या होत्या आणि त्या टिकल्या.

संशोधकांनी नोंदवलेली दुसरी बाब यंत्र बनवणाऱ्यांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी. ज्यांचे मासे रडत होते, त्यांच्यापैकी काही जण चालायला बाहेर पडण्याऐवजी पडद्याकडे पाहणेच टाळू लागले. अपराधी भावनेवर माणसाचा पहिला उपाय सुधारणा हा नसतो, तोंड चुकवणे हा असतो. सावकाराच्या घरावरून जाणारी वाट टाळणाऱ्या देणेकऱ्यासारखेच हे वागणे आहे. म्हणूनच ज्या यंत्रात प्राणी मरतो किंवा सतत रडतो, ते यंत्र ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे अशा माणसाच्या हातून सर्वांत आधी कपाटात जाऊन पडते.

तरीही रुसणे पूर्णपणे काढून टाकले तर यंत्राची धारच जाते, हेही खरे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी शाळकरी मुलांना फोनवरचा एक आभासी प्राणी देऊन सकाळी न्याहारी करण्यास प्रवृत्त करण्याचा प्रयोग केला. न्याहारीचे छायाचित्र पाठवले की प्राणी प्रतिसाद देई. ज्या मुलांचा प्राणी फक्त आनंदच दाखवी, त्यांच्यापेक्षा ज्यांचा प्राणी आनंद आणि नाराजी दोन्ही दाखवी, त्या मुलांनी न्याहारी सुमारे दुप्पट वेळा केली. जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी उन्हाळी शिबिरातील मुलांना एक आभासी कुत्रा दिला, जो मुलाच्या हालचालीनुसार तंदुरुस्त होई आणि नव्या करामती शिके. प्राणी मिळालेल्या मुलांची हालचाल नुसते लक्ष्य मिळालेल्या मुलांपेक्षा दिवसाकाठी सुमारे एक तासाने अधिक भरली. हा प्रयोग तीनच दिवसांचा होता. खेळण्याच्या नव्या नवलाईचे तीन दिवस कुठल्याही घरात असेच जातात, त्यामुळे त्या एका तासाचे कौतुक बेतानेच करावे.

नवलाई किती दिवस टिकते, याचे मोजमाप ‘पोकेमॉन गो’च्या निमित्ताने झाले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार हा खेळ फोनवर घेतलेल्या तरुणांची पावले पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ९५५ ने वाढली, नंतर दर आठवड्याला ती वाढ घटत गेली आणि सहाव्या आठवड्यात त्यांचे चालणे खेळ घेण्याआधी होते तिथेच येऊन थांबले. सहा आठवडे हा काळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याहून जुने, १९७३ मधले लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचे संशोधन या घसरणीमागचे एक कारण सुचवते: चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना आधी सांगून बक्षीस दिले, तेव्हा बक्षीस थांबल्यावर त्यांनी चित्रकलेत पूर्वीपेक्षा कमी वेळ घालवला. ज्याला सकाळची हवा आवडते म्हणून तो फिरायला जातो, त्याच्या मनगटावर उपाशी प्राणी बांधला तर फिरणे हे त्याच्या आनंदाचे राहत नाही, प्राण्याच्या चाकरीचे होते. आणि प्राण्याचा कंटाळा आला की फिरण्याचाही कंटाळा येतो.

महाराष्ट्रात आभासी प्राण्यापेक्षा वेगळ्या वाटेने हाच प्रश्न सोडवण्याचे दोन ठळक प्रयत्न झाले आहेत. विशाल गोंडल यांनी २०१४ मध्ये मुंबईतून सुरू केलेल्या ‘गोकी’ या उपक्रमात मनगटी पट्ट्यासोबत एक जिवंत प्रशिक्षक मिळे, जो संदेशांतून चौकशी करी, आहार विचारी आणि लक्ष्य ठरवून देई. शिवाय चालून मिळवलेले गुण एखाद्या सामाजिक कामाला दान करता येत. शिवजीत घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टेपसेटगो’ या अ‍ॅपने पावलांच्या बदल्यात नाणी देऊन त्यांतून वस्तूंवर सवलत मिळवण्याची सोय केली, आणि केंद्र सरकारच्या २०२० च्या आत्मनिर्भर भारत अ‍ॅप स्पर्धेत आरोग्य गटात त्याची निवड झाली. पहिल्यात माणूस आहे, दुसऱ्यात बाजार. प्राणी दोन्हींत नाही. पाळीव प्राण्याची करमणुकीपुरती हौस करण्याची रीत शहरी मध्यमवर्गात अलीकडे वाढली असली तरी ग्रामीण महाराष्ट्रात जनावर हे दावणीला असते आणि ते दूध, मांस, शेण किंवा श्रम देते, त्यामुळे काही न देणाऱ्या प्राण्यासाठी चालण्याची कल्पना येथे आधी हसण्यावारी जाणे स्वाभाविक आहे.

या ठिकाणी यंत्राच्या आतल्या कारभाराकडे वळणे आवश्यक आहे, कारण प्राणी उपाशी आहे की पोटभर जेवलेला, हे शेवटी एका सूक्ष्म चिपवर ठरते. या चिपला त्वरणमापक म्हणतात, म्हणजे वेगात होणारा बदल तीन दिशांनी मोजणारे साधन. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलागणिक शरीराला एक ठरावीक झटका बसतो. हे झटके आलेखावर लाटांसारखे उमटतात आणि ठरावीक उंचीच्या, ठरावीक अंतराने येणाऱ्या लाटांना आज्ञावली पाऊल समजते. एकदोन सुटे झटके ती सहसा सोडून देते आणि सलग लय सापडली की मोजणी सुरू करते. ही सारी मांडणी डांबरी रस्त्यावरून हात हलवत मोकळे चालणाऱ्या माणसाला गृहीत धरून केलेली आहे.

धाराशिवच्या रानात हे गृहीतक कोलमडते. खुरपणी करणारी बाई उकिडवी बसून वितीवितीने पुढे सरकते. तिच्या मांड्या, पाठ आणि मनगट यांवर दिवसभर ताण असतो, परंतु सलग चालण्याची लय नसल्याने पट्टा तिचे श्रम जवळपास शून्यात काढतो. डोक्यावरची घागर एका हाताने धरून पाणी आणणाऱ्या बाईने पट्टा त्याच हातात घातला असेल, तर हात स्थिर राहिल्याने यंत्राच्या लेखी ती चाललीच नाही, असे होऊ शकते. उलट खडबडीत रस्त्यावरून मोटारसायकलवर बसून शेतात गेलेल्या माणसाच्या खात्यात कधी कधी न टाकलेली पावले जमा होतात. अशा तऱ्हेने दिवसभर राबलेल्या बाईचा आभासी प्राणी संध्याकाळी उपाशी आणि गाडीवरून फिरून आलेल्याचा प्राणी तृप्त, हा विनोद घडू शकतो. फक्त त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्या आकडेवारीत भारतीय स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी हलतात असे दिसते, ती प्रश्नावलीवर आधारलेली असते, पट्ट्यांवर नव्हे. पण मोजणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणते श्रम आहेत हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच विचारावा लागतो.

दुसरा दोष कालगणनेचा आहे. आभासी प्राण्याला रोज तितकीच भूक लागते. शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्याचे वर्ष मात्र असे सपाट नसते. जूनमध्ये पेरणीची धांदल, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि मळणी, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की सकाळी नऊनंतर बाहेर पडणेच धोक्याचे. त्यात आजारपण, उपवास आणि बाळंतपण हे वेगळेच. जिल्ह्याचे दैवत असलेल्या तुळजापूरच्या तुळजाभवानीच्या वार्षिक दिनक्रमातही घोर, श्रम आणि मोह अशा तीन निद्रा सांगितलेल्या आहेत आणि त्या काळात मूर्ती सिंहासनावरून पलंगावर नेली जाते. देवीला विश्रांती आहे, पण मनगटावरच्या प्राण्याच्या मालकाला नाही. ज्या यंत्रात आठवड्याचा सुट्टीचा दिवस, आजारपणातली सवलत आणि उन्हाळ्याचे वेगळे लक्ष्य ठरवता येत नाही, ते यंत्र या हवामानात वापरण्यायोग्य नाही, असे स्पष्ट म्हणावे लागते.

यातील श्रमनिद्रा दसऱ्यानंतर सुरू होऊन आश्विन पौर्णिमेला संपते, आणि त्याच पौर्णिमेसाठी सोलापूरहून, शेजारच्या कर्नाटकातून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून भाविक मोठ्या संख्येने पायी तुळजापूरला येतात. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे, म्हणजे सर्वसाधारण माणसाची साठ हजारांच्या आसपास पावले, आणि ती बहुतेक जण एका रात्रीत टाकतात. रस्त्यावर इतकी गर्दी असते की त्या काळात वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवावी लागते. वाटेवर गावोगावचे लोक चहा-फराळ देतात, पाय चेपून देतात, आणि ज्याला एकट्याने पाच किलोमीटर चालण्याचा कंटाळा येतो तो माणूस या गर्दीत पंचेचाळीस चालून जातो. आरोग्याच्या दृष्टीने वर्षातून एकदाच असे चालणे व्यायाम म्हणून मोजता येणार नाही, उलट सराव नसलेल्याचे गुडघे आठवडाभर धरतात. परंतु माणूस कशामुळे चालतो, याचा पुरावा म्हणून या रात्रीकडे पाहिले तर तीन गोष्टी हाती लागतात: पोहोचायचे ठिकाण, सोबत चालणारी माणसे आणि वाट पाहणारे कुणीतरी. आभासी प्राण्याचा निर्माता यातली फक्त तिसरी गोष्ट, तीही पडद्यावर, पुरवू शकला आहे.

वाट पाहणारा जीव खरा असला तर काय होते, याचेही मोजमाप उपलब्ध आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरी कुत्रा असलेली प्रौढ माणसे हालचालीची शिफारस पूर्ण करण्याची शक्यता कुत्रा नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे चौपट आढळली. धाराशिव जिल्ह्यात हे काम करणारे जनावर शेळी आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले तरी जिचे नाव उस्मानाबादीच राहिले, ती काळ्या रंगाची, दुष्काळात तग धरणारी आणि अनेकदा जुळी करडे देणारी जात मुख्यतः मांसासाठी पाळली जाते, आणि तिला राखणारा माणूस बांध, माळ व ओढे पालथे घालत दिवसाकाठी जे अंतर तुडवतो त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. शेळी भुकेली झाली की ओरडते, आणि तिचा आवाज बंद करण्याचे बटण नसते. सहाव्या आठवड्यातही तिला तितकाच चारा लागतो. पोकेमॉनच्या आलेखात जी घसरण दिसली, ती येथे परवडण्यासारखीच नसते.

जिल्ह्याकडे याहून लखलखीत उदाहरण खो-खोचे आहे. २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार सारिका काळे धाराशिवची, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. या खेळाला दोन खांब आणि मोकळे मैदान यांपलीकडे काही लागत नाही, पण प्रेरणेच्या दृष्टीने त्याची रचना विलक्षण आहे: पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी चौकोनांत बसलेल्या असतात आणि पाठीमागून ‘खो’ मिळाल्याशिवाय त्यांना उठता येत नाही, त्यामुळे प्रत्येकीची धाव दुसरीच्या धावेला बांधलेली असते. एक जण सरावाला आली नाही तर डाव अडतो. ‘फिश अँड स्टेप्स’मधली गढूळ पाण्याची सामाईक पेटी जे साधू पाहत होती, ते येथे शाळेच्या मैदानावर कोणत्याही पट्ट्याविना साधलेले आहे, आणि धाराशिवच्या एखाद्या शाळेला मुलांच्या हालचालीसाठी पैसे खर्चायचेच असतील तर ते मनगटी प्राण्यांऐवजी मैदान सपाट करण्यावर आणि क्रीडाशिक्षकावर खर्चावेत, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

मुलांच्या संदर्भात एक कायदेशीर बाबही आहे. अशी यंत्रे मुलाची पावले, झोप, कधी हृदयाचे ठोके आणि कधी ठावठिकाणा नोंदवतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानली आहे आणि मुलांवर पाळत ठेवणे किंवा त्यांना उद्देशून जाहिराती करणे यांवर निर्बंध घातले आहेत. प्राण्याच्या गोंडस चेहऱ्यामागे कोणती कंपनी ती माहिती कुठे साठवते, हे अ‍ॅप उघडताना दिसणाऱ्या लांबलचक मजकुरात असते आणि तो वाचण्याचे कष्ट पालकांनी घेतले पाहिजेत.

एवढे सगळे असूनही हे साधन निरुपयोगी ठरवणे अन्यायाचे होईल. ज्याच्या आयुष्यात चालण्याची सवयच नाही, सोबत कुणी नाही आणि मैदानावर जायला संकोच वाटतो, अशा बैठ्या माणसाला पहिल्या महिन्या-दीड महिन्यात उंबरठा ओलांडायला लावण्याचे काम मनगटावरचा प्राणी करू शकतो; त्यानंतरचे काम त्याचे नाही. त्यासाठी महागडा पट्टा लागतोच असे नाही, कारण बहुतेक स्मार्टफोनमध्ये त्वरणमापक असतोच आणि पावलांवर वाढणारे प्राणी किंवा झाडे दाखवणारी अनेक अ‍ॅप मोफत मिळतात. निवडताना प्राणी मरत नसेल, लक्ष्य स्वतःला ठरवता येत असेल आणि सुट्टी घेता येत असेल, तेच अ‍ॅप घ्यावे. पहिल्या आठवड्यात आपली रोजची सरासरी नुसती मोजावी आणि त्यात हजार-पाचशे पावलांची भर हे पुढचे लक्ष्य धरावे. या सहा आठवड्यांच्या मुदतीतच चालण्याला एखादे ठिकाण आणि एखादा सोबती जोडून घ्यावा, मग ते ठिकाण शहरालगतचा हातलाई देवीचा डोंगर असो किंवा गावाबाहेरचे मारुतीचे देऊळ. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी आपले लक्ष्य प्राण्याच्या भुकेवरून न ठरवता डॉक्टरांना विचारून ठरवावे. तिशीपुढील प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी गावाजवळच्या ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.